दबोरा उठली नाही

हुरड्याचे दिवस आले की लातूरमधून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही रस्त्याला एकच वास येतो. गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या कोवळ्या ज्वारीचा, आणि त्याच्या मागोमाग लसणाच्या चटणीचा. औशाकडं जा नाहीतर मुरुडकडं, फरक पडत नाही. लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. मी रुमाल काढून कपाळ पुसतो. शांता, म्हणजे माझी बायको, म्हणते, "थंडीत ह्यांना घाम फुटला म्हणजे समजावं, सण जवळ आला."

सण म्हणजे आमच्या मंडळीचा हंगामाचा सण. आम्ही ख्रिस्ती, आणि मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. ज्वारी हाताशी आली की देवाचा वाटा म्हणून ज्याच्या घरी जे पिकतं ते वेदीपुढं आणायचं. कणसांच्या पेंढ्या, भोपळे, पपया, पाय बांधलेल्या कोंबड्या. नांदेडचे पाहुणे अर्धापूरच्या केळीचे घड आणतात आणि ते सगळ्यात पुढं दिसतील असे ठेवतात. उपासना झाली की या वस्तूंचा लिलाव होतो. आमच्याकडं एकच भोपळा चार-चार वेळा विकला गेल्याचं मी पाहिलंय, कारण घेणारा तो पुन्हा देवाला देतो आणि घरी न्यायला कुणीच तयार नसतो. आणि लिलाव संपला की नाटक, तेही बायबलच्या जुन्या करारातलंच. येशूचं काम करायला आमच्यात कुणी धजत नाही, पण राक्षसासारखा धिप्पाड गल्याथ व्हायला सगळे तयार असतात.

मी मिशनच्या शाळेत चित्रकला शिकवायचो, त्यामुळं नाटक माझ्या गळ्यात पडायचं. अंबाडीच्या वाखाच्या दाढ्या मी करायचो, पुठ्ठ्याचे मुकुट मी करायचो, आणि कुणाला कुठलं काम द्यायचं हेही मीच ठरवायचो. आमच्याकडं रीत अशी की शास्त्रात, म्हणजे बायबलात, माणूस जसा सांगितलाय तसाच माणूस त्या कामाला घ्यायचा. अभिनय येतो का, हे नंतर.

आता या रीतीची अडचण अशी की शास्त्र दिसण्याच्या बाबतीत फार कंजूस आहे. अब्राहामाचं नाक कसं होतं, मोशे काळा होता की गोरा, कुठंच पत्ता नाही. मोशेची जीभ जड होती एवढं कळतं. लेआचे डोळे अधू होते हे कळतं, राहेल सुरेख होती हे कळतं, म्हणजे दोन बहिणींमध्ये भांडण लागायला जेवढं लागतं तेवढंच. आणि जिथं म्हणून शास्त्र एखाद्याच्या अंगाबद्दल बोलतं, तिथं पुढं काहीतरी वाईट वाढून ठेवलेलं असतं. अबशालोमाचे केस इतके दाट की कापले की वजन करायचे, आणि बिचारा शेवटी झाडाला डोक्यानंच अडकला. एसाव जन्मतःच अंगभर केसाळ, म्हणून भावानं हाताला करडांची कातडी गुंडाळून आंधळ्या बापाला फसवलं. एग्लोन राजा इतका लठ्ठ की पोटात खुपसलेली तलवार मुठीसकट आत गेली. अलीशाला पोरं टकल्या म्हणाली तर रानातून अस्वलं येऊन त्यांना फाडून गेली. आमच्या पाळकांना स्वतःला टक्कल होतं, आणि रविवारच्या शाळेत गोंधळ वाढला की ते न चुकता अस्वलांचा उतारा काढायचे.

तरीही मला सगळ्यात जवळचा वाटतो तो शौल. इस्राएलाचा पहिला राजा. सगळ्या लोकांत खांद्यापासून वर उंच. त्याला राजा करायचं ठरतं, चिठ्ठी त्याच्या नावावर निघते, सगळे त्याला शोधतात आणि हा सापडत नाही. का, तर सामानात लपून बसलाय. एवढा ताडमाड गडी, गाठोड्यांच्या मागं, गुडघे पोटाशी घेऊन. पुढं त्याची गादी दुसऱ्याला द्यायची वेळ येते तेव्हा म्हातारा संदेष्टा शमुवेल इशायाच्या घरी जातो, थोरल्या उंच मुलाला बघून म्हणतो, हाच असणार. देव म्हणतो, उंची बघू नकोस, रूप बघू नकोस, मी मन बघतो. फार मोठं वाक्य. मग धाकट्या दावीदाला बोलावतात, आणि लिहिणारा लगेच सांगून टाकतो की तो तांबूस होता, डोळे सुंदर होते, दिसायला देखणा होता. त्याला राहवलंच नाही. मला तो लिहिणारा कळतो. माणूस शास्त्र लिहायला बसला तरी डोळे काही झाकून बसत नाही.

हे सगळं सांगायचं कारण माझी भाची रूथ. तिच्याबद्दल लातूर आणि नांदेडमध्ये दोन गोष्टी गेली कित्येक वर्षं सांगितल्या जातात. लातूरकर म्हणतात, रूथचा विश्वास डोंगरासारखा, धरणी हलली पण ती हलली नाही. नांदेडकर म्हणतात, मास्तरांच्या भाचीनं आम्हाला उंचीत फसवलं. दोन्ही खोटं आहे. दोन्ही खोट्यांचा बाप मी आहे, आणि माझं वय आता असं आहे की उद्यावर काही टाकू नये.

रूथ माझ्या बहिणीची मुलगी, मुरुडची. लातूरला आमच्याकडं राहून बालवाडीत शिकवायची. उंच म्हणजे किती, तर आमच्या घराच्या ज्या चौकटीखालून मी ताठ जायचो तिथं तिचं कपाळ लागायचं, आणि मी काही बुटका नाही. मुरुडची माणसं म्हणायची, "पोरगी गोड हाय, पण जमिनीवर उभी हाय का पाण्याच्या टाकीवर?" तीन स्थळं आली, चहा पिऊन गेली. एका मुलानं जाताना चपला घालायच्या निमित्तानं तिच्या शेजारी उभं राहून बघितलं आणि चपला हातात घेऊनच निघून गेला.

मग भूकंप झाला. त्या पहाटेबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांनी लिहावं अशी माणसं किल्लारीकडं आहेत, आणि बरीचशी नाहीत. आमच्या लातूरच्या भिंतींना भेगा गेल्या, माणसं वाचली, आणि मग आम्ही सगळे महिनोन् महिने अंगणात राहिलो. मिशनच्या आवारात पत्र्याच्या शेडा आणि ताडपत्र्यांचे तंबू. कुणाच्या घरात काय शिजतं आणि कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळ्यांना ऐकू यायचं. ट्रक गेला तरी लोक उठून उभे राहायचे, मग एकमेकांकडं बघून हसायचे आणि "ट्रक होता" असं म्हणत बसायचे. अधूनमधून खरंच हलायचं. पत्रे आधी वाजायचे, मग पायाला कळायचं. लेकरांना त्याची इतकी सवय झाली की ती झोपेत "हाललं" म्हणायची आणि कूस बदलायची.

त्या वर्षी सण करायचा की नाही यावर बरीच चर्चा झाली. शेवटी पाळक म्हणाले, ज्वारी उभी आहे तर आपणही उभं राहू. चर्चच्या इमारतीत कुणी जायला तयार नव्हतं, म्हणून औशाच्या रशीदभाईंचा मंडप सांगितला. वर पत्रे, खाली बांबू. नाटक ठरलं शौलाचं. आणि रीतीप्रमाणं मी मंडळीवर नजर फिरवली, तर खांद्यापासून वर उंच असं एकच माणूस होतं.

"रूथच शौल," आमचे कंपाउंडर प्रभाकर म्हणाले. "शास्त्राप्रमाणं दुसरं कोण बसतंय?"

लोक हसले. रूथ हसली नाही. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "मामा, खरंच देताव का मला काम?" मी हो म्हणालो. त्यानंतर पंधरवडाभर आमच्या शेडमध्ये राजा वावरत होता. मी वाखाची तांबूस दाढी केली. रूथ ताठ चालायला लागली. बालवाडीतली लेकरं तिच्या मागं रांगेनं माना ताठ करून चालायची. सामानातून उठून उभं राहायच्या जागेला ती इतकी सावकाश उठायची की बघणाऱ्याला वाटावं, अजून किती शिल्लक आहे. आयुष्यात पहिल्यांदा तिची उंची कुणाला तरी हवी होती.

त्याच सुमारास नांदेडचं स्थळ आलं. मुलगा शिमोन, कचेरीत कारकून, स्वभावानं गरीब, उंचीनंही. त्याची आई सुगंधाबाई तिकडच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांच्या घरी मी स्वतः गेलो होतो. त्यांनी भजी पुढं सरकवत विचारलं, "पोरगी कशी हाय मास्तर दिसायला?"

मी डोळे सांगितले, केस सांगितले, आवाज सांगितला.

"अन् उंची?"

"बेताची," मी म्हणालो.

हा शब्द माझ्या तोंडातून कसा आला ते मला अजून कळलेलं नाही. तोंडात भजं होतं हे कारण होऊ शकत नाही. परतताना बसमध्ये मी स्वतःची समजूत घातली की शास्त्रात तरी कुठं कुणाची खरी उंची दिलीय, गल्याथ सोडला तर. शिवाय अब्राहामानंही परक्या मुलखात सारेला शिकवलं होतं, मी नवरा आहे हे सांगू नकोस, भाऊ आहे असं सांग. आपली कातडी वाचवायला बायकांना काहीतरी लपवायला लावणं ही आम्हा पुरुषांची जुनी रीत आहे. पण अब्राहामाला निदान जिवाची भीती होती. मला चौथ्यांदा चहा वाया जाण्याची होती.

सुगंधाबाईंचा निरोप आला, आम्ही सणालाच येतो, पोरगीही बघू आणि नाटकही बघू. मी त्या रात्री जुना करार पहिल्यापासून चाळला. मला बसलेली बाई हवी होती. एस्तेर राजापुढं चालत जाते, ती बाद. याएल हातोडा घेऊन तंबूत फिरते, ती बाद. आणि मग सापडली दबोरा. न्याय करणारी, खजुरीच्या झाडाखाली बसणारी. शास्त्रात स्पष्ट लिहिलंय, ती बसायची.

सकाळी रूथला सांगितलं, "नाटक बदललं. तू दबोरा."

"अन् शौल?"

"पुढच्या वर्षी."

तिनं दाढी माझ्या हातात दिली. शांतानं मात्र तव्यावरची भाकरी उलटता उलटता विचारलं, "अन् लग्नातबी बसूनच चालायचंय का पोरीनं?" मी तिला भाकरी जळतीय असं सांगितलं.

मी शिंदीच्या फांद्यांची खजूर उभी केली. तिच्याखाली ज्वारीचं पोतं, त्यावर चादर. रूथला तालीम एकच दिली. पाय आत घे, खांदे पाड, मान खाली. "अन् काहीही होऊ दे, उठायचं नाही. मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

सणाच्या दुपारी नांदेडची मंडळी केळी घेऊन आली. सुगंधाबाई पहिल्या रांगेत खुर्चीवर, शेजारी शिमोन, त्याच्या केसांना एवढं तेल की माश्या घसराव्यात. मी खजुरीच्या मागं उभा राहून वाक्यं सांगत होतो. सेनापती बाराक झाले होते कंपाउंडर प्रभाकर. शास्त्रात बाराक दबोराला म्हणतो, तू बरोबर आलीस तरच मी लढाईला जाईन. प्रभाकरांनी कमरेची लाकडी तलवार सावरली, छाती काढली आणि हे वाक्य म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात पत्रे वाजले.

या वेळी ट्रक नव्हता. बांबू करकरले, भोपळा वेदीवरून घरंगळला, कोंबड्यांनी एकदम आकांत केला. आणि आमचा बाराक दबोराची वाट न बघता गेला. तलवार मागं राहिली. त्याच्या पाठोपाठ पाळक, केळी, महिला मंडळ, सगळे मोकळ्यात. मीही. लोक सांगतात, मास्तर शेवटी बाहेर आले. मास्तर तिसरे होते.

बाहेर येऊन वळून पाहिलं तर मंडपात रूथ. पोत्यावर बसलेली, पाय आत, खांदे पाडलेले, दोन्ही हातांनी गुडघे गच्च धरलेले. तिच्या डोक्यावरची शिंदी थरथरत होती. ती घाबरली होती, आणि ती माझ्याकडं बघत होती. ते बघणं म्हणजे प्रश्न होता, उठू का? माझ्या एका बाजूला सुगंधाबाई होत्या, दुसऱ्या बाजूला शिमोन. मी मान हलवली. नाही.

एवढंच मला सांगायचं होतं. मी मान हलवली.

लातूरकर जी गोष्ट सांगतात तिच्यात आणखी एक माणूस गाळलेलं आहे. रशीदभाई एकटे आत धावले. एका हातानं बांबू धरून ते रूथवर ओरडले, "उठ ना बेटा. मंडप मेरा है, मेरेकूच भरोसा नै, तू कायकू बैठी?" रूथ माझ्याकडंच बघत राहिली. मग पत्रे गप्प झाले. सगळं मिळून एका आवंढ्याएवढा वेळ गेला असेल. मंडप तसाच उभा राहिला. तो पडला असता तर मी हे लिहायला बसलो नसतो, आणि हसायचं कारणही कुणाला मिळालं नसतं.

सुगंधाबाई पदरानं डोळे पुसत माझ्याकडं वळल्या. "मास्तर, धरणी हालली, पोरगी हालली न्हाई. मला हीच सून पायजे. बोलणी आजच करा." पाहुणे निघेपर्यंत मी रूथला पोत्यावरून उठू दिलं नाही.

पाळकांनी पुढच्याच रविवारी त्यावर संदेश दिला. त्यात अस्वलं नव्हती. साखरपुडा पाटावर बसून झाला. फोटो खुर्च्यांवर बसून झाला. लग्नात मात्र वेदीपुढं उभं राहावं लागलं. मी आदल्या दिवशी रूथला सांगितलं होतं, साडीच्या आत गुडघ्यात जरा वाक. ती वाकली. तरी शिमोनचं डोकं तिच्या खांद्याशी आलं. त्यानं वर बघितलं आणि मनापासून हसला. तो खरंच गरीब माणूस आहे, त्याला काही फरक पडला नाही. पण सुगंधाबाईंनी जेवणाच्या पंगतीत माझ्या पानाजवळ येऊन म्हटलं, "बसली होती तवा बरी होती हो मास्तर." आणि आत जाऊन सगळ्यांना सांगितलं, पोरीनं मुद्दाम बसून फसवलं, लई आतल्या गाठीची हाय.

तेव्हा मी म्हणायला हवं होतं की तिनं नाही, मी फसवलं. मी वांग्याची भाजी मागून घेतली.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा नांदेडला गेलो तेव्हा रूथ थोडी अधिक वाकलेली दिसायची. ओट्यापाशी वाकलेली, दारात वाकलेली, फोटोत शेवटच्या रांगेत असूनही वाकलेली. सासूच्या पुढं उंच दिसलं की जुना विषय निघतो, म्हणून ती वाकायची. मग त्याची सवय झाली, मग तोच बांधा झाला. लोक म्हणायचे, रूथ फार नम्र. शास्त्रात शौल सामानातून एकदाच बाहेर येतो आणि सगळे आनंदानं ओरडतात. ही इतकी वर्षं सामानातच होती, आणि तिच्यावर गाठोडी रचणारा मी, दर नाताळाला तिच्याच हातची करंजी खाऊन घरी यायचो.

आता लातूर वेगळं आहे. जिथं शेडा होत्या तिथं क्लास आहेत. चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फ्लेक्स, सगळ्यांचे चेहरे सारखे, चष्मा सारखा, हसणंही सारखं. आमच्या गावाला राजा निवडायला आता शमुवेल लागत नाही. मी स्वतः निवृत्तीनंतर एका क्लासच्या दारात बसून प्रवेशाला आलेल्या पोरांकडं बघून मनातल्या मनात मार्क सांगायचो. एकदा औशाकडचा एक शेतकरी दोन मुलं घेऊन आला, थोरला उंच आणि चष्मेवाला, धाकटा मातीत लोळून आल्यासारखा. मी म्हटलं, शास्त्राप्रमाणं धाकटा निघणार हुशार. दोघंही नापास झाले. शास्त्र सगळीकडं चालत नाही.

रूथची मुलगी सारा यंदा त्यातल्याच एका क्लासला आहे. वसतिगृहात राहते, रविवारी आमच्याकडं जेवते. आईसारखीच उंच. जेवताना ती पाठ दाबत होती, म्हणून शांतानं विचारलं.

"बेंच, आज्जी," सारा म्हणाली. "आमच्यात मार्कांवर बेंच असतेत. माझा पहिला आलाय. पण मागची पोरं ओरडतेत, खाली बस, फळा दिसंना. मग मी अशी बसते." तिनं ताटावर वाकून दाखवलं. नाक भाताला लागलं.

"मग मागं बस की," मी म्हणालो.

"मला लांबचं दिसत न्हाई. चष्म्याचा नंबर लई वाढलाय. सर म्हणाले, पुढं बसायचं असंल तर वाकून बस, न्हाईतर शेवटचा बेंच घे." मग तिनं लोणचं वाढून घेतलं आणि अगदी सहज म्हणाली, "मम्मीला फोन केला तर मम्मी पण म्हणाली, वाकून बस, सवय होती. आजोबा, मम्मी त्या भूकंपात खरंच विश्वासानं बसली होती का? तिला विचारलं तर म्हणती, तुझ्या आजोबाला विचार."

शांतानं माझ्याकडं पाहिलं. मला घाम आला होता, आणि दारात हुरडा नव्हता.

त्याच आठवड्यात नांदेडच्या मंडळीचा फोन आला. यंदाच्या सणाला मास्तरांनी सगळ्यांपुढं उभं राहून साक्ष द्यावी, ती भूकंपातली दबोराची. मी हो म्हणालो. शांता म्हणाली, "खरी देणार असाल तरच स्वेटर काढून देते."

नांदेडला चर्च भरलं होतं. बायका एका बाजूला सतरंजीवर, पुरुष दुसऱ्या बाजूला. सुगंधाबाई आता ऐंशीला टेकल्यात, पुढं खुर्चीवर होत्या. रूथ तिसऱ्या रांगेत, बसलेल्या बायकांतही मान आत घेतलेली. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. बेताची हा शब्द सांगितला, बदललेलं नाटक सांगितलं, रशीदभाई सांगितले. मान कशी हलवली ते हलवून दाखवलं. "ती विश्वासानं बसली नव्हती," मी म्हणालो, "आणि फसवायलाही बसली नव्हती. ती मामाचं ऐकून बसली होती. मामा बाहेर होता."

कुणी आमेन म्हणालं नाही. असल्या साक्षीला काय म्हणायचं ते आमच्या लोकांना ठाऊक नाही. केळीच्या घडाखाली एक कोंबडी फडफडली तेवढीच.

सुगंधाबाईंनी काठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाल्या, "म्हंजे पोरगी विश्वासाचीबी न्हाई अन् कपटाचीबी न्हाई. मग मी इतकी वर्सं घरात काय ठेवून घेतलंय?"

बायका हसल्या. त्या हसल्या नाहीत. "रूथ, उभी रहा."

रूथ उठली, नेहमीसारखी, खांदे पुढं.

"नीट."

रूथनं माझ्याकडं पाहिलं. मी काहीच केलं नाही. मान जागच्या जागी ठेवली. या वयात तेवढं जमलं. मग ती सरळ झाली. सावकाश, कण्हत, कारण पाठीला आता तसं वळण नाही. पूर्ण झाली की नाही सांगता येत नाही, पण शेजारच्या बायकांना मान आणखी वर करावी लागली.

सुगंधाबाई बघत राहिल्या. "येवढी हायस," त्या म्हणाल्या. "अन् मी मेली वरच्या फळीवरचे डबे स्टुलावर चढून काढून राहिले. मागच्या साली पडले तवा कंबर गेली माझी. तुला हात पुरतो हे कामून न्हाई सांगितलं?"

"तुमच्यापुढं उंच हात करावा वाटला न्हाई, आई," रूथ म्हणाली.

दोघींनी मग एकमेकींकडं पाहिलं. त्या पाहण्यात माझा काही संबंध नव्हता, म्हणून मी खाली बसलो. बाहेर आल्यावर मी रूथपुढं हात जोडले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मामा." माफ केलं असं म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. मग म्हणाली, "उद्याच्या गाडीनं मी तुमच्यासंगं येते. साराच्या क्लासात जायचंय."

नांदेडहून लातूरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी होती. बस भरलेली. आम्हाला एकच जागा मिळाली, ती तिनं मला दिली. ती वरचा दांडा न धरता छताला तळवा टेकवून उभी होती, आणि कंडक्टर दर वेळी तिच्या हाताखालून वाकून जात होता.

क्लासचे सर तरुण, घाईतले. टेबलामागं बसून एकाच वेळी फोनवर आणि आमच्याशी बोलत होते. रूथनं सांगितलं, मुलीचा पहिला बेंच आहे, तो तिला मिळावा. भिंतीकडच्या टोकाला द्या, म्हणजे मागच्या कुणाला आडवं येणार नाही. पण ती वाकून बसणार नाही.

"मॅडम, अडीचशे पोरं आहेत," सर फोनवर हात ठेवून म्हणाले. "एकीसाठी... तुम्ही बसा ना आधी. बसून बोलू."

टेबलापुढं दोन खुर्च्या होत्या. सवयीनं मी एकीत बसलो.

"न्हाई," रूथ म्हणाली. "मी उभीच बरी."

सरांनी फोन ठेवला. मग मान वर केली, आणि आणखी वर केली.